बेन, मॅडम, ताई

शाळेत मी 'बेन'. गुजराती माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकीचं हेच नाव असतं, मग ती तेवीस वर्षांची असो की निवृत्तीला टेकलेली. बँकेत, दवाखान्यात 'मॅडम'. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याकडे गेले की 'अमक्यांची धाकटी'. 'ताई' मात्र मला कुणी म्हणत नसे. घरात मी शेंडेफळ, आणि बाकी बडोद्यात ताईचं काम बेनवर भागतं. त्यामुळे २०१८च्या नोव्हेंबरात रात्री साडेअकराला मोबाइलवर 'ताई, जाग्या आहात का?' असं उमटलं तेव्हा मला वाटलं, बाईंचा नंबर चुकला.

नंबर चुकला नव्हता. त्या संध्याकाळी मी फेसबुकवरच्या मराठी शिक्षकांच्या एका गटात प्रश्न टाकला होता. टाकला आणि लगेच लाज वाटली. पुसून टाकावा म्हणून दोनदा फोन हातात घेतला, तेवढ्यात नवऱ्याने जेवायला हाक मारली आणि तो राहून गेला.

प्रश्न असा होता. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. शंभरापर्यंत खडाखडा म्हणायचा. सत्तावन्न काड्या दिल्या तर दहा-दहाचे पाच गठ्ठे बांधून वर सात सुट्या ठेवायचा, बिनचूक. फळ्यावरचा आकडा वाचायचा. पण मी तोंडाने 'सत्तावन' म्हटलं की पाटीवर ७५. 'तेंतालीस' म्हटलं की ३४. नेहमीच नाही, आणि हेच जास्त छळणारं होतं. दहातले चार बरोबर, सहा उलटे. मी समजावलं, घोटून घेतलं, एकदा (आता लिहितानाही बरं वाटत नाही) आवाज चढवला. तो घाबरून दोन्ही आकडे लिहायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा, यातला कुठला हवाय म्हणून.

माझी तेव्हा एकवीस वर्षं नोकरी झाली होती. एकवीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला तिसरीच्या पोराला दोन आकडी संख्या लिहायला शिकवता येत नाही, हे बोलायचं कुठे? मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बोलून बघितलं. आमचे एक ज्येष्ठ साहेब बशीत चहा ओतत म्हणाले, "तमारा क्लासमां हजी आकडाज चाले छे, बेन?" म्हणजे, तुमच्या वर्गात अजून आकडेच चाललेत का? सगळे हसले. मीही हसले. हसावंच लागतं.

त्या साहेबांचा मला राग नाही, म्हणजे आता नाही. शिक्षकांच्या खोलीची रचनाच अशी असते. माझा वर्ग पुढच्या वर्षी ज्याच्याकडे जाणार तोच शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो. ज्याचा वर्ग माझ्याकडे आलाय तो समोरच्या. तिथे 'हे मला जमत नाही' म्हटलं की ते प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखं चिकटतं. तपासणीला कुणी आलं की 'त्या बेनना विचारा, त्यांच्या वर्गात जरा कच्चं आहे' इथपर्यंत ते जातं. मग आपण खोलीत काय बोलतो? पगारवाढ, निवडणुकीची ड्यूटी, मेथीचा भाव.

तर 'ताई, जाग्या आहात का' म्हणणाऱ्या बाई सांगोल्याकडच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतल्या होत्या. मी 'हो' म्हटल्यावर त्यांनी आवाजी निरोप पाठवला. सव्वाचार मिनिटांचा. मागे कुकरची शिट्टी, मधेच कुणीतरी 'आई, विरजण लावलंस का' विचारतंय, आणि बाई सांगतायत, "ताई, तुमचं पोरगं चुकत नाही बघा. ते कानानं लिहितंय. सत्तावन्न म्हणताना आपण आधी काय म्हणतो? सात. मग ते सातच लिहिणार की आधी. डावीकडनं लिहायचं आपणच शिकवलंय त्याला."

मी अंथरुणात उठून बसले. सत्तावन्न. सात आणि पन्नास. इंग्रजीत 'फिफ्टी सेव्हन' म्हणताना पन्नास आधी येतात, लिहितानाही आधी. आपल्याकडे तोंड एकीकडून चालतं आणि हात दुसरीकडून. मराठी, गुजराती, हिंदी, सगळीकडे हेच. जर्मन लोकही सात आधी म्हणतात असं पुढे वाचलं. आपण मोठी माणसं ही उडी इतक्यांदा मारून बसलोय की खाली खड्डा आहे हेच विसरलो.

त्यात माझ्या वर्गातल्या मराठी पोरांचं आणखी एक त्रांगडं. घरी आजी ८९ला 'एकोणनव्वद' म्हणते, म्हणजे नव्वदाला एक कमी. शाळेत मी 'नेव्याशी' म्हणते, म्हणजे ऐंशी आणि नऊ. टीव्हीवर 'नवासी'. एकच संख्या, दोन वेगळ्या वाटांनी पोचायचं. या मुलाचं घर मराठीच होतं. इतकी वर्षं मी स्वतः दोन्ही भाषांत मोजत आले, कोथिंबीर घेताना गुजरातीत आणि पायऱ्या चढताना मराठीत, पण हे कधी दिसलं नव्हतं.

बाईंनी उपायही सांगितला. पुठ्ठ्याच्या पट्ट्या करायच्या. दहा, वीस ते नव्वदच्या लांब, एक ते नऊच्या त्याच्या निम्म्या. सत्तावन्न म्हटलं की मुलाने सातची पट्टी उचलायची, मग पन्नासची, आणि सातची पट्टी पन्नासातल्या शून्यावर ठेवायची. ऐकलेलं आधी उचललं तरी चालतं, जागा पट्टीच दाखवते. मी कपाटातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून पट्ट्या केल्या. पाठीमागे 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' तसंच राहिलं. मुलं तेही वाचत बसायची.

पण मला आजही जे आठवतं ते निरोपाच्या शेवटचं वाक्य. "माझ्याकडं पण दोघं आहेत असली. मला कळायलाच दोन वर्षं गेली, तुम्ही तर लवकर विचारलंत." बाईंना हे सांगायची काही गरज नव्हती. उपाय दिला होता, काम झालं होतं. दिवसभर दोन वर्ग एकत्र सांभाळून, विरजण लावायच्या वेळी, ओळख ना पाळख अशा बडोद्याच्या एका बाईला त्यांनी आपली दोन वर्षं उघडी करून दाखवली. मी तो निरोप तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा नुसतं शेवटचं वाक्य.

मुलगा पंधरा दिवसांत सुधारला असं लिहिलं तर गोष्ट छान होईल. तसं झालं नाही. पन्नाशी-चाळिशी सुटली, साठी-सत्तरीत तो मार्चपर्यंत अडखळत होता. फरक इतकाच पडला की लिहिण्याआधी तो पुटपुटायला लागला, 'पचास ने सात', आणि माझ्या तोंडाकडे बघायचा थांबला. आता तो दहावीत आहे.

पुढच्या जूनमध्ये, म्हणजे २०१९ला, हाच विषय अख्ख्या महाराष्ट्रात पेटला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसबरोबर 'वीस एक, वीस दोन' असंही वाचन दिलं होतं. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. संख्यांची नावं आणि लिहायचा क्रम उलटासुलटा असल्याने मुलं गोंधळतात, त्यातल्या जोडाक्षरांना बिचकतात, म्हणून ही सोय, असं त्या शांतपणे सांगत होत्या. ऐकतंय कोण? आठवडाभर माझ्या फोनवर विनोदांचा पूर आला. मराठीचा खून झाला म्हणणारे, स्वतःच्या मुलांना इंग्रजी शाळेत घातलेले काका त्यात आघाडीवर. आमच्या नात्यातल्या गटात मी एकच ओळ लिहिली, 'आमच्या वर्गात हा त्रास खरंच आहे', तर उत्तरादाखल हसून डोळ्यांत पाणी आलेले अकरा पिवळे चेहरे.

आणि शिक्षकांच्या गटात? तिथेही सगळे बाजूने नव्हते. विदर्भातले एक सर कडाडून विरोधात होते. त्यांचं म्हणणं, पाढे म्हणताना ही नावं तोंडात घोळतात, ती लयच मोडली तर पाढे जातील. मला ते आजही पूर्ण खोडता येत नाही. पण त्या वादात जो तो आपल्या वर्गातलं पोर घेऊन येत होता. 'माझ्याकडे कोरकू बोलणारी मुलं आहेत, त्यांना दोन्ही परकंच', 'माझी अठ्ठ्याण्णवला बोबडी वळते', असं. एकाच फोनमध्ये, बोटभर अंतरावर, एकीकडे थट्टा आणि दुसरीकडे हे. समाजमाध्यम वाईट की चांगलं असं कुणी विचारलं की मला तो आठवडा आठवतो आणि मी गप्प बसते.

गटाचं फार कौतुक करते आहे असं वाटेल, म्हणून उणंही सांगते. रोज सकाळी सहापासून गुलाबाची फुलं. बदल्यांच्या हंगामात तर दुसरं काही दिसायचंच नाही. जुन्या पेन्शनवरून चकमकी, कारण १ नोव्हेंबर २००५ या तारखेने तिकडच्या शिक्षकांचे उभे दोन भाग केलेत, आधी लागलेल्यांना ती पेन्शन, नंतरच्यांना नाही, आणि एकाच शाळेतले अलीकडचे-पलीकडचे गटातही भांडतात. दुसऱ्याची स्वाध्यायपत्रिका खालचं नाव खोडून आपल्या नावावर खपवणारेही भेटले. पुढे मूळ गटातून गणितवाल्यांचा व्हॉट्सअॅप गट निघाला. तेव्हा एका गटात २५६च माणसं मावायची. 'एक सर निवृत्त होतायत, त्यांची जागा तुम्हाला' असं मला सांगण्यात आलं. नोकरीसाठीसुद्धा मी इतकी प्रतीक्षायादी पाहिली नव्हती.

त्या गटात गुजरातची मी एकटी. त्यांची डीएड, माझी पीटीसी. त्यांचे केंद्रप्रमुख, आमचे सीआरसी. त्यांचा हातचा, आमची वद्दी. सुरुवातीला मी एखादा शब्द चुकले की दुरुस्त करत, नंतर त्यांनाच 'वद्दी' आवडायला लागली. बीडचे एक सर अजून लिहितात, 'आज वद्दीची बेरीज घेतली.'

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि गट रात्रंदिवस वाहू लागला. त्याबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी थोडक्यात आटोपते. माझ्या अडतीस मुलांपैकी अकराजणांच्या घरी मोठा फोन होता, तोही वडील कामावरून आल्यावर मिळायचा. फोन नसलेल्यांचं काय करायचं यावर त्या गटात जितकं खरं बोलणं झालं तितकं मी कुठल्याच वेबिनारमध्ये ऐकलं नाही. कुणी देवळाच्या भोंग्यावरून गोष्टी सांगत होतं, कुणी किराणा दुकानात गणितं चिकटवत होतं, म्हणजे मूल साखर आणायला येईल तेव्हा सोडवेल. मी हे दुकानाचं उचललं. दुकानदार मुलांना उत्तरं सांगून टाकायचा, तो भाग वेगळा.

त्याच वर्षी डिसेंबरात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरचं. आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकायचं जाहीर केलं. बाहेरच्यांना ते अजब वाटलं. सांगोल्याच्या बाईंनी गटात एवढंच लिहिलं, 'बरोबर केलं. एकट्याचं थोडंच असतं.' मग खाली त्यांच्याच सवयीप्रमाणे, 'उद्यासाठी कुणाकडे अपूर्णांकाच्या चकत्या आहेत का?'

एकदा दिवाळीच्या सुट्टीत मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेले होते, काचेच्या तळाच्या त्या मजल्यांवर. लहानपणी तिथे चालताना खाली बघायची मला भीती वाटे. सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेलीकडे सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि १९०६मध्ये ते राज्यभर लागू केलं, हे आम्हाला बडोद्यात बाळगुटीबरोबर पाजतात. पण मुलं वाचायला शिकली तर पुढे वाचणार काय, म्हणून १९१०मध्ये त्यांनी बॉर्डन नावाचा अमेरिकी ग्रंथपाल आणला आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरवली. कुठल्यातरी खेड्यातला, आठवीपर्यंत शिकलेला एकटा मास्तर आणि बैलगाडीतून उतरलेली ती पेटी, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला कुणी 'मास्तर, जागे आहात का' विचारलं असेल का? पुढे भावनगरात बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबर तारा मोडक काम करत होत्या, मराठी बाई गुजरातेत, माझ्यासारखीच. 'शिक्षणपत्रिका' आधी गुजरातीत निघायची, मग ताराबाईंनी ती मराठीत आणली. महिन्याला एक अंक टपालाने. आडगावातली एखादी मास्तरीण त्याची वाट बघत असेल तशीच, जशी मी सव्वाचार मिनिटांच्या निरोपाची. मी आपली कल्पना करते.

आता पुराचं. २०२४च्या ऑगस्टात जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्री नदी शहरात शिरली. आमचं घर अकोट्यात, तळमजल्यावर. दीड दिवस आम्ही वरच्या मजल्यावरच्या शहाभाईंकडे काढला. गल्लीत मगर दिसल्याच्या बातम्या फोनवर येत होत्या. त्यातल्या काही खऱ्याही होत्या, या नदीच्या मगरींना रस्ता नवा नाही. पाणी ओसरल्यावर खाली आलो तर फ्रिज आडवा, गाद्या चिखलाच्या, आणि पलंगाखालची माझी पत्र्याची ट्रंक काठोकाठ भरलेली. तीत सत्तावीस वर्षांचं साहित्य होतं. काड्यांचे गठ्ठे, माळा, नकाशे, घड्याळाचे पुठ्ठे, लग्नपत्रिकांच्या पट्ट्या. सगळ्याचा लगदा. फ्रिजसाठी रडले नाही, ट्रंकेपाशी बसून रडले. नवरा म्हणाला, "अगं, पुठ्ठेच ते." बरोबर होतं त्याचं.

मी गटात नुसता फोटो टाकला. खाली काही लिहिलं नाही. चौदा-पंधरा दिवसांनी टपालवाला आला, "बेन, आज तीन छे." मग दुसऱ्या दिवशी दोन. पार्सलं महिनाभर येत राहिली. बीडच्या सरांनी हजार मणी शंभर-शंभरच्या माळांत ओवून, दर दहाला रंग बदलून. नंदुरबारहून बांबूच्या काड्या, एकसारख्या कापलेल्या, टोकं घासून गुळगुळीत, कारण 'पोरांच्या बोटात कुसळ जायला नको'. पाढ्यांच्या त्या विदर्भातल्या सरांनी पाठवलं हाताने लिहिलेलं पाढ्यांचं पुस्तक, आत चिठ्ठी: 'वीस एक, वीस दोन करत असलात तरी हे ठेवा.' आणि सांगोल्याहून पट्ट्यांचा संच. लग्नपत्रिकांचाच. मी कधीतरी सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. तोवर त्या निवृत्त झालेल्या होत्या. म्हणजे त्यांना स्वतःला आता त्या पट्ट्यांचा काही उपयोग नव्हता, बसून फक्त माझ्यासाठी कापल्या. वर पाठीमागे, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'.

बाईंना मी अजून भेटलेले नाही. दर आषाढीला त्या म्हणतात, "ताई, या की, पंढरपूर इथंच आहे." दरवर्षी आमच्या शाळा जूनमध्येच सुरू झालेल्या असतात. आवाजावरून मी त्यांना उंच धरलंय. असतील ठेंगण्याही.

मागच्या महिन्यातलं एक सांगते आणि थांबते. इकडच्या गुजराती शिक्षकांचाही टेलिग्रामवर एक गट आहे, माणसं हजारांत. मी तिथे सहसा नुसती वाचते. रात्री एक प्रश्न दिसला. पाचवीतली मुलं ६१२ला ६ने भागताना उत्तर १२ लिहितात, मधलं शून्य खातात, काय करावं? खालचं नाव बघितलं. आमचेच ते बशीवाले साहेब. निवृत्तीला आठ महिने उरलेले, रात्रीचे पावणेबारा वाजलेले, आणि त्यांच्या प्रश्नाखाली कुणीतरी एक हसरा चेहरा टाकून गेलेलं.

मला काय वाटलं ते सगळंच काही चांगलं नव्हतं. 'तमारा क्लासमां हजी...' हे माझ्याही बोटांशी येऊन गेलं. मग मी लिहिलं की सहाशे बारा काड्या घ्या, शंभराचे सहा गठ्ठे सहाजणांना वाटा, प्रत्येकाला एक. मग दहाचा एकच गठ्ठा हातात उरतो, तो सहाजणांत जात नाही. प्रत्येकाच्या दशकाच्या घरात काही आलं नाही, हे तिथे लिहून ठेवायला लावा. रिकामं घर दिसलं की मुलं शून्य लिहितात. आणि शेवटी लिहिलं, माझ्याही वर्गात चौघं आहेत, मला हे उमगायला बरीच वर्षं गेली. ते खरं होतं.

माझा नंबर त्यांच्याकडे आहे, म्हणजे कुणी लिहिलंय ते त्यांना दिसलं असणारच. थोड्या वेळाने 'आभार, बेन' एवढं आलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खोलीत नेहमीसारखीच गर्दी होती. ड्यूटीच्या याद्या आल्या होत्या, त्यावर कुरकुर चालली होती. साहेब बशीत चहा ओतत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेन, ते नंदुरबारचं पार्सल आलं होतं ना तुमचं... काड्या दोन दिवस मळशे?"

मी कपाटाची किल्ली त्यांच्या बशीशेजारी ठेवली.